बायकोची गोळी आणि माझं हार्टचं ऑपरेशन

ऑपरेशनला आता सव्वा वर्ष झालं. भेटायला येणारा माणूस आधी छातीवरची शिवण बघतो, मग खर्च किती आला विचारतो, आणि तिसरा प्रश्न ठरलेला, रक्ताच्या बाटल्या किती लागल्या? एक, असं सांगितलं की कुणाला पटत नाही. आमच्या चुलत्यांना पंधरा-वीस वर्षांपूर्वी सहा लागल्या होत्या, त्यामुळं घरात हिशेब तसाच. एकच लागली म्हणजे ऑपरेशन खरं झालं का नुसतं टाके घातले, असं एका पाहुण्यानं चेष्टेत विचारलं पण. तर त्या एका बाटलीमागं काय काय होतं ते लिहितोय, कारण मला स्वतःला तेव्हा रक्त पातळ आणि रक्त घट्ट एवढीच भाषा येत होती, आणि त्या भाषेनं माझा चांगलाच घोळ केला.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे. वय तेव्हा ५१. दोन वर्षं जिना चढलं की दम लागायचा, मी म्हणायचो वजन वाढलंय. दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी कन्ना चौकात गाडीवरच छातीत असा दाब आला की गाडी स्टँडवर लावायचं पण सुचलं नाही, तशीच दुकानाच्या शटरला टेकवली आणि पायरीवर बसलो. दुकानदारानंच जवळच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी ईसीजी काढला, ॲस्पिरिन चघळायला दिली आणि दुसऱ्या चार गोळ्या एकदम गिळायला लावल्या. क्लोपिडोग्रेल, ७५ च्या चार, म्हणजे ३००. हे नाव तेव्हा कानावरनं गेलं, डोक्यात राहिलं नाही.

अँजिओग्राफीत एक ब्लॉक निघाला पण खरा गुन्हेगार वेगळाच. हृदयातनं रक्त बाहेर जातं त्या दाराला म्हणजे महाधमनीच्या व्हॉल्व्हला तीन पाकळ्या असतात, मला जन्मापासून दोनच. पन्नास वर्षं त्या दोनच पाकळ्या उघडझाप करून करून चुना धरल्यासारख्या कडक झालेल्या. टू डी इको करणारे डॉक्टर म्हणाले, दार आहे पण फटीतनं वारा येतोय तेवढंच रक्त जातंय. म्हणजे व्हॉल्व्ह बदलायचा, त्याच वेळी एक बायपास पण करून घ्यायची, छाती उघडून, हृदय थांबवून. केशरी रेशनकार्ड असल्यामुळं जनआरोग्य योजनेत बसलो, आरोग्यमित्राच्या टेबलासमोर दोन दिवस गेले, अप्रूव्हल आलं. त्याबद्दल लिहायला लागलो तर तोच एक वेगळा लेख होईल, सोडा.

आता माझा घोळ.

सर्जननी चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलेलं, क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या पाच दिवस आधी बंद, ॲस्पिरिन ७५ चालू ठेवा. कारण असं की रक्त गोठायला सुरुवात करतात त्या प्लेटलेट, आणि क्लोपिडोग्रेल त्यांना चिकटू देत नाही. गोळी बंद केली तरी आधीच्या प्लेटलेट बिघडलेल्याच राहतात, शरीर नव्या तयार करतं तेव्हा कुठं गोठायची ताकद परत येते, त्याला चारपाच दिवस जातात. घरी आलो. पाकिटं बघितली. क्लोपिडोग्रेल नावाचं एकही पाकीट नाही. म्हणलं ती संपली असणार, ही जी रोज रात्रीची कॅप्सूल आहे ती ॲस्पिरिनची, ती चालू. पाच दिवस इमानेइतबारे घेतली. एक पण चुकवली नाही हो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ॲडमिट झालो तर एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या काका सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवा. बायकोनं कॅरीबॅग पलंगावर उपडी केली. त्यांनी एकेक पट्टी उचलली, उलटी केली, आणि ती रात्रीची कॅप्सूल हातात आल्यावर मोबाईलची बॅटरी लावून मागचं मुंगीएवढं अक्षर वाचलं. "ही कधीपासून घेताय?" म्हणलं रोज, कालपण घेतली. एकाच कॅप्सूलमध्ये दोन्ही औषधं होती, ॲस्पिरिन पण आणि क्लोपिडोग्रेल पण. वर मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं तिसरंच नाव. चिठ्ठीवर औषधाचं नाव, पट्टीवर कंपनीचं नाव, आणि दोन्हीची गाठ घालायची पेशंटनं, ज्याला दोन्ही येत नाहीत. मेडिकलवाल्यानं पण कधी सांगितलं नव्हतं आणि मी पण कधी विचारलं नव्हतं, शंभर वेळा तिथनं क्रोसिन आणली असेल.

ऑपरेशन पाच दिवस पुढं. सर्जन चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "उद्या उघडलं असतं तर मी शिवत बसलो असतो आणि तुम्ही गळत." पोरगी बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती जिन्यात जाऊन रडली, मी असून असं कसं झालं म्हणून. कारखान्यातले चौघं रक्त द्यायला म्हणून सुट्टी काढून आलेले, त्यांना परत पाठवावं लागलं. त्यातला एक आमचा जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारा, मला म्हणतो, "काय बे, नवरदेवच पळाला का?"

तर त्या वाढीव पाच दिवसांत भूलतज्ज्ञ डॉक्टरांशी निवांत बोलणं झालं, नाहीतर एरवी ते दहा मिनिटांत झालं असतं. मध्यम वयाचे, आवाज हळू. खुर्ची ओढून बसले आणि प्रश्न सुरू. दात हलतात का. घोरता का. घरात कुणाला रक्त न थांबायचा आजार. दाढ काढली तेव्हा किती वेळ रक्त आलं. काही आयुर्वेदिक, काही तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या कॅप्सूल घेता का, असतील तर बंद. बायकोनं भीतभीत विचारलं शेंगाचटणीत लसूण असतो, चालेल का? ते हसले, चटणी खाऊ द्या, सोलापूरच्या माणसाची चटणी बंद केली तर ऑपरेशनला तो येणारच नाही.

मग म्हणाले, मासे खाल्ल्यावर अंगावर कधी पित्त उठलंय का? माझ्या गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरात तीन पिढ्या वारी आहे, मासा मी ताटात सोडा बाजारात पण नीट बघितलेला नाही. आई कोपऱ्यात बसलेली, तिनं असं बघितलं डॉक्टरकडं. त्यांनी माळ बघितली, सॉरी म्हणाले, पण विचारावं लागतं, कारण शेवटी एक औषध देतो ते माशापासनं काढतात. आई म्हणाली, "द्या, पण मला सांगू नका."

आता तुमचं काम काय म्हणाले, म्हणलं टॉवेलच्या कारखान्यात. मग त्यांनी सगळं टॉवेलवर आणलं. म्हणाले जखम झाली की शरीर तिथं आधी प्लेटलेटचा बोळा बसवतं आणि त्याच्यावर धाग्यांची जाळी विणतं, उभा ताणा आडवा बाणा, ती जाळी पक्की झाली की रक्त थांबतं. पण ही जाळी कायमची ठेवून चालत नाही, म्हणून ती कापून टाकणारी कात्री पण रक्तातच फिरत असते. साध्या जखमेत आधी विणकाम, मग सावकाश कात्री. हृदय थांबवतो तेव्हा तुमचं सगळं रक्त प्लॅस्टिकच्या नळ्यांतनं यंत्रात फिरतं, रक्ताला ते परकं वाटतं, आणि मग विणणारं पण खवळतं आणि कापणारं पण. विणणाऱ्याला आम्ही हेपरिननं थांबवतो, नाहीतर यंत्रातच गोठून जाईल. एरवी जे रक्त त्या तपासणीच्या नळीत दोनेक मिनिटांत गोठतं ते ८ मिनिटं झाली तरी गोठता कामा नये, ४८० सेकंदांच्या वर आकडा आल्याशिवाय पंप सुरू करत नाही. ऑपरेशन संपलं की ते माशाचं औषध देऊन हेपरिन उतरवायचं. पण कात्र्या तोवर मोकाट सुटलेल्या असतात. नवी जाळी विणली की लगेच कापली, विणली की कापली. मग पेशंट झिरपत राहतो, एका जागेवरनं नाही, सगळीकडनं थोडं थोडं.

मी मधेच म्हणलं, डॉक्टर, कारखान्यात कात्री कोण वापरत नाही, ब्लेड असतं. ते म्हणाले बरं ब्लेड. "तर आम्ही एक औषध देतो, ब्लेड धाग्याला जिथं पकडतं ना, त्या पकडीवर ते आधीच जाऊन बसतं. ब्लेड आहे तिथंच आहे, पण धागा हाताला लागत नाही त्याच्या."

"म्हणजे रक्त घट्ट करायचं औषध."

"नाही." हे मात्र त्यांनी जरा जोरात म्हणलं. "घट्ट नाही करत. एक पण नवीन धागा विणत नाही ते. विणलेला उसवू देत नाही, बस."

नाव विचारलं. ट्रानेक्झामिक ॲसिड.

आणि आमची बायको, जी एवढा वेळ पदराची किनार बोटाला गुंडाळत होती, ती ताडकन म्हणाली, "अहो ही तर माझी गोळी!"

खरंच तिची गोळी. चाळिशीनंतर तिला पाळीत फार जायचं, गर्भाशयात गाठ होती छोटी, लेडी डॉक्टरनी पाळीचे तीनचार दिवस ५०० ची गोळी लिहून दिलेली, वर्षभर मीच मेडिकलमधनं आणायचो. मी आणायचो आणि मला नाव माहीत नाही, बघा. डॉक्टर म्हणाले अगदी बरोबर, तीच, फक्त यांना शिरेतनं. बायकोचा चेहरा जो सुटला ना तेव्हा, आठ दिवसांत पहिल्यांदा. मोठमोठ्या इंग्रजी नावांमध्ये तिला एक ओळखीचं माणूस भेटलं. ती वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटली.

त्यातनं दुसरी भानगड. मेव्हण्याच्या कानावर गेलं. तो फोनवर, दाजी ते रक्त गोठवायचं इंजेक्शन अजिबात घेऊ नका, हार्टच्या पेशंटला रक्त गोठवायचं देतात का कुठं, बायपास केलेली नळीच बंद होईल, सही करायची नाही. म्हणलं घट्ट नाही करत, उसवू देत नाही. तो म्हणाला एकच झालं. खरं सांगायचं तर रात्री मला पण तसंच वाटायला लागलं. दिवसा डॉक्टरचं पटतं आणि रात्री मेव्हण्याचं. त्यात संमतीपत्रात मराठीत स्वच्छ छापलेलं, अतिरक्तस्राव, पुन्हा छाती उघडावी लागणे. सही करताना पेन चालेना, तो काय पेनाचा दोष नव्हता.

पोरीनं दोन रात्री मोबाईलवर वाचून काढलं. तिला ते कॅप्सूलचं फेडायचं होतं बहुतेक. तिनं सांगितलेलं माझ्या भाषेत सांगतो. हे औषध जपानमधल्या उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या नवराबायकोनं शोधलं, १९६२ ला छापून आलं. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरायच्या, त्यावर उताकोबाईंना औषध पाहिजे होतं. लेकरू सांभाळायला कोण नाही म्हणून मुलीला पाठीला बांधून लॅबमध्ये काम करायच्या. हे ऐकून आमच्या आईनं पहिल्यांदा औषधात लक्ष घातलं, म्हणाली मग चांगलंच असणार. बायपासच्या पेशंटवर मोठी चाचणी झाली ती २०१७ ला आली, साडेचार हजारांवर पेशंट, निम्म्यांना औषध निम्म्यांना नुसतं सलाईन. मेव्हण्याची भीती होती ती, म्हणजे अटॅक, लकवा, नळ्या बंद पडणं, ते औषधवाल्यांत वाढलेलं दिसलं नाही. रक्त कमी गेलं. रक्तस्रावामुळं परत थिएटरात न्यावं लागलं ते औषध नसलेल्यांत हजारात २८, औषधवाल्यांत १४. पण एक गोष्ट वाढली होती. फिट येणं. हजारात १ च्या जागी ७. त्या चाचणीत डोस पण तगडा होता.

फिट हा शब्द आला आणि आई म्हणाली, तुला लहानपणी आलेली की. मला माहीतच नाही! तीन वर्षांचा होतो, ताप डोक्यात गेला, डोळे पांढरे केले, सिद्धेश्वराला नवस बोललेला. सकाळी डॉक्टर आल्यावर आईनंच सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, किती वेळ, परत कधी आली का, आणि म्हणाले तापातली फिट वेगळी, तिची काळजी कमी. काळजी दुसऱ्या आकड्याची. माझं क्रिएटिनीन १.६ होतं, म्हणजे किडनी जरा सुस्त, आणि हे औषध जवळजवळ सगळं लघवीवाटेच बाहेर पडतं, किडनी सुस्त असली की रक्तात तुंबतं. म्हणून आपण खालच्या बाजूचा डोस धरू, असं म्हणून त्यांनी केसपेपरवर लिहिलं, किलोमागं १० मिलिग्रॅम सुरुवातीला सावकाश, मग ऑपरेशन चालू असेपर्यंत पंपातनं थोडं थोडं, ते पण किडनी बघून कमी केलेलं. माझं वजन ६८, म्हणजे ६८०. हिशेबनीस माणूस, मी मनात गुणाकार करून बघितला. बरोबर होता.

ते म्हणाले पूर्वी दुसरं एक औषध जोरात होतं, ॲप्रोटिनिन, गुरांच्या फुप्फुसातनं काढलेलं, रक्त थांबवायला फार भारी, पण कॅनडातल्या चाचणीत त्या गटात माणसं जास्त दगावायला लागली, २००७ ला ती चाचणीच थांबवली आणि कंपनीनं माल मागं घेतला. हे त्यांनी आपणहून सांगितलं. मला ते आवडलं. जो माणूस स्वतःच्या धंद्यातला फसलेला माल दाखवतो त्याच्याकडनं माल घ्यायला हरकत नाही, एवढं मला व्यवहारातलं कळतं. सही केली. मेव्हण्याला सांगितलं केली म्हणून. तो दोन दिवस फोन न करता राहिला.

नवी तारीख नेमकी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आठवड्यात आली. अक्षतांच्या दिवशी गावात एवढी माणसं, नंदीध्वजांच्या वाटेवर रस्ते बंद, कारखान्यातले चौघं परत रक्त द्यायला निघाले ते फिरून फिरून दीड तासानं पोचले, एकजण जत्रेतली पांढरी बाराबंदी घालूनच आलेला, तसाच झोपला रक्तपेढीच्या खाटेवर. माझं बी पॉझिटिव्ह. चार बाटल्या राखीव, शिवाय प्लाझ्मा आणि प्लेटलेट सांगून ठेवलेले. त्या दिवशी लांबनं बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र ऐकू आलं, बायकोनं खिडकीतनंच हात जोडले.

ऑपरेशनची सकाळ. लाल औषधी साबणानं अंघोळ, छाती-पायावरचे केस काढलेले, माळ काढायची वेळ आली. आईनं स्वतः काढली, स्वतःच्या मनगटाला दोन वेढे दिले, म्हणाली मी घालते तोपर्यंत. थिएटरात गार. मनगटात सुई, गळ्यात नळी नंतर घालणार म्हणाले, मी विचारलं ते औषध आता देणार का, भूलतज्ज्ञ मास्कमधनं म्हणाले तुम्ही झोपल्यावर, भसकन दिलं तर बीपी पडतं, सावकाश द्यायचं असतं ते. मग म्हणाले आता जरा गरगरेल. माझा शेवटचा विचार काय होता सांगू का, गॅस एजन्सीचं पासबुक कुठं ठेवलंय.

पुढचे सहा तास माझ्या हिशेबात नाहीत. हृदय यंत्रावर दोन तास दहा मिनिटं होतं एवढं कागदावर आहे.

जागा झालो तेव्हा तोंडात नळी, हात बांधलेले, आणि अंग असं थडथड हलत होतं की पलंगाचा दांडा वाजत होता. काचेतनं बायकोनं बघितलं आणि बाहेर ओरडली, फिट आली फिट आली. फिट नव्हती. ऑपरेशनात अंग थंड करतात, परत गरम व्हायला लागलं की हुडहुडी भरते. सिस्टर आली, माझ्या कानाशी वाकून म्हणाली, काका माझं बोट दाबा. दाबलं. डावा पाय हलवा. हलवला. ती बाहेर जाऊन बायकोला म्हणाली फिटवाला माणूस सांगितलेलं ऐकतो का कधी? आणि मला गरम हवेची गोधडी आणून घातली. ती गोधडी मला अजून स्वप्नात येते.

छातीखालनं दोन नळ्या बाहेर, त्या खाली बाटलीत. सगळ्या आयसीयूचं लक्ष त्या बाटलीवर. दर तासाला सिस्टर वाकायची, बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावलेली, तिच्यावर पेनानं आडवी रेघ आणि वेळ. माझ्याकडं मान वळवता येत नव्हती, पण तिच्या तोंडावरनं कळायचं. तोंडातली नळी निघाल्यावर पहिला प्रश्न मी तोच विचारला, किती? पहिल्या तासाला ९०, मग ६०, मग ४०, असं उतरत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळं मिळून ३८०. रेघा जवळजवळ यायला लागल्या म्हणजे चांगलं. आयुष्यभर मी आकडे चढते बघितले की खूष होणारा माणूस, पहिल्यांदाच उतरते आकडे बघून डोळ्यात पाणी आलं. हिमोग्लोबिन ९ च्या खाली गेलं होतं आणि बीपी धरत नव्हतं म्हणून एक बाटली दिली. तीच ती एक.

पण शेजारच्या बेडवर मंगळवेढ्याकडचे एक मास्तर होते, त्यांचं पण त्याच दिवशी झालेलं, औषध त्यांना पण तेच. रात्री अकराच्या सुमाराला त्यांच्या बाटलीतल्या रेघा लांब लांब जायला लागल्या, एका तासात दोनशेच्या वर, सर्जन चप्पल घालून घरच्या कपड्यांत आले, दहा मिनिटांत बेड चाकांसकट थिएटरकडं. परत उघडलं. पहाटे आणलं परत. कुठल्यातरी टाक्याजवळची बारीक शीर निघाली म्हणे, आणि शीर उघडी असली की तिथं औषध काय करणार, तिला टाकाच लागतो. मास्तर वाचले, आता बरे आहेत, संक्रांतीला तिळगूळ पण आला त्यांचा. पण त्या रात्री मला कळलं की हजारात १४ म्हणजे कोण. मेव्हण्याला हे सांगितलं तर तो लगेच, बघा मी म्हणलो नव्हतो! म्हणलं तू उलटं म्हणला होतास, तू म्हणला होतास गोठेल. तो म्हणाला एकच झालं.

नळ्या काढल्या तेव्हा सिस्टर म्हणाली श्वास धरा, आणि पोटातनं कुणीतरी दोरी ओढून घ्यावी तसं झालं. ते सांगता येत नाही, ज्यांचं झालंय त्यांना कळेल.

आणि आता गंमत. मला बसवलाय तो धातूचा व्हॉल्व्ह. रात्री शांत असलं की टिकटिक ऐकू येते, नातू असता तर घड्याळ गिळलं म्हणाला असता. त्या धातूवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर, ॲसेनोकुमेरॉल, आणि महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची तपासणी, माझा २ ते ३ मध्ये पाहिजे. म्हणजे बघा, आधी चार गोळ्या देऊन पातळ, मग ते बंद, मग हेपरिन देऊन एकदम पातळ, मग माशाचं देऊन ते उतरवलं, आणि विणलेलं उसवू नये म्हणून बायकोची गोळी, आणि तिसऱ्या दिवसापासून परत पातळ. मेव्हणा म्हणतो डॉक्टरांना स्वतःलाच ठरवता येत नाही. मला आता त्यात घोळ वाटत नाही, मागावर घेतलेला माल कधी सोडायचा कधी ताणायचा हे कारखान्यात पण तासातासाला बदलतं. पण त्याला हे सांगायला गेलो की एकच झालं म्हणतो, म्हणून सोडून दिलं.

पोरीनं घरातल्या औषधाच्या डब्याचा ताबा घेतलाय. प्रत्येक पट्टीवर मार्करनं मराठीत आत काय आहे ते लिहिलेलं. बायकोच्या त्या गोळीची अर्धी पट्टी डब्यात राहिलेली, तिची पाळी आता गेली, लागत नाही. तिच्यावर लाल मार्करनं, पप्पांनी घ्यायची नाही. मी म्हणलं अगं हिनंच मला वाचवलं की. ती म्हणाली तेव्हा भूलतज्ज्ञ उशाला होते, आता धातूचा व्हॉल्व्ह आहे, त्याच्यावरची गुठळी पण उसवली नाही तर?

मागच्या महिन्यात दाढ काढायची वेळ आली. सात रस्त्याजवळच्या डेंटिस्टकडं गेलो, त्यांनी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, आयएनआर बघितला, २.४, म्हणाले गोळी बंद करू नका. अँटिबायोटिक तासभर आधी घ्यायला लावलं, व्हॉल्व्हवाल्यांना लागतं म्हणे. दाढ निघाली, मग त्यांनी एका बाटलीतलं औषध कापसाच्या गॉजवर ओतलं, खळग्यात ठेवलं आणि म्हणाले घट्ट चावून धरा, अर्धा तास बोलायचं नाही, हे दोन दिवस गुळणीला पण देतो. तोंडात दिलं तर रक्तात फारसं जात नाही, म्हणून तुम्हाला चालतं. मी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. आता सवयच लागलीय. आणि हात करून बायकोला दाखवायला लागलो, ऊं ऊं करत. तिनं चष्मा लावला, बाटली फिरवून बघितली, आणि मी तोंडात बोळा धरून गप्प बसलेलो असताना ती त्या डॉक्टरला पहिल्यापासून सांगायला लागली, "डॉक्टर, ही मूळची माझी गोळी आहे बघा..."